आधी कासव दिसू दे

मी विहिरीतलं कासव बोलतोय. ज्याला घाई असेल त्यानं खुशाल पुढं जावं. माझं बोलणं माझ्या चालण्यासारखंच आहे. एक पाय उचलला की दुसरा उचलावा की नाही, याचा मी जरा वेळ विचार करतो. शाळा मी पाहिलेली नाही. विहिरीच्या तोंडाएवढं आभाळ आणि त्यातून खाली जे जे पडलं ते, एवढंच माझं शिक्षण. पण पडत राहिलं बरंच, आणि माणसं काठावर बसून बोलत राहिली, म्हणून सांगण्यासारखं थोडं साठलंय.

माझा जन्म वेदगंगेच्या काठच्या मऊ मातीतला. आई अंडी पुरून गेली ती परत आली नाही. आमच्यात येत नाहीत, त्याचा राग नाही. मी तळहाताएवढा झालो असेन तेव्हा एका बाईनं मला चिखलातून उचललं आणि नव्या घागरीत टाकलं. तिचं नाव गुणाबाई. नुकतीच लग्न होऊन निपाणीजवळच्या एका मळ्यात नांदायला आली होती. तिचा नवरा भरमू यानं मळ्यात विहीर खोदली होती आणि तिला पाणी लागलं होतं. आमच्या भागात नव्या विहिरीला पाणी लागलं की त्यात कासव सोडतात. कासव घाण खातं, पाणी राखतं, असं माणसं म्हणतात.

माझ्या जन्माची कुरकुर इथूनच सुरू होते. मी घाण खात नाही. मी गोगलगाय खातो, पाण्यातले किडे खातो, बेडकाचं पिल्लू खातो, पिकलेलं उंबर खातो, कोवळं शेवाळ खातो. तुम्ही त्याला घाण म्हणत असाल तर तुमचा नाइलाज. पण कासव घाण खातं असं एकदा ठरलं की माणूस निर्धास्त होतो. केस विंचरून गुंतवळ टाकतो, तुटकं पायताण टाकतो, वर म्हणतो, "खाईल की कासव." पायताण कोण खाईल? मी चाळीस वर्षं विहिरीत काढली, मला अजून पायताण पचलेलं नाही.

असो. भरमूनं माझ्या पाठीवर हळदकुंकू लावलं आणि मला पायरीवरून पाण्यात सोडलं. गुणाबाईनं विचारलं, "अवं, ह्यो जगंल न्हवं?"

भरमू म्हणाला, "जगंल की. आनी ध्यानात ठेव, हे दिसतंय तवर पानी गोड. दिसायचं थांबलं की घागर बुडवायची न्हाय."

ही त्या घरची रीत झाली. सकाळी बाई घागर घेऊन पायऱ्या उतरायची, घागरीचं बूड पायरीवर टण् करून आपटायची आणि थांबायची. मी वर यायचो, नाक बाहेर काढायचो, मग घागर बुडायची. शेजारच्या मळ्यातली कुणी बाई आली आणि घाई करू लागली की गुणाबाई म्हणायची, "थांब गं. आधी कासव दिसू दे."

मी वर यायचो ते श्वास घ्यायला, आणि गुणाबाई भाकरीचा कोर कुस्करून टाकायची म्हणून. त्यांना वाटायचं मी पाण्याची ग्वाही द्यायला येतो. मी काय बोलणार? भाकरी तोंडात असायची.

तरी खरं सांगतो, त्या वेळी पाणी गोडच होतं. त्याला कारण मी नव्हतो. कारण काठावर उभं होतं. विहिरीवर एक उंबर वाकलेला होता. त्याची पिकली फळं टपटप पाण्यात पडायची, आणि फळाबरोबर फळातले किडेही. पलीकडं एक बाभळ होती, तिच्या फांद्या थेट पाण्यावर आलेल्या. त्या फांद्यांना सुगरणींची घरटी लोंबायची. मळ्यात चारी बाजूंनी शाळू असायचा. सुगरणी शाळूच्या पानाच्या चिंध्या फाडून घर विणायच्या आणि त्याच शाळूचा दाणा पिल्लांना भरवायच्या. भरवताना दाणा निसटायचा. खाली मासळी टपूनच असायची. मासळीला पोट भरलं की तिची पिल्लं वाढायची, चिखलात गोगलगाई वाढायच्या, आणि मग माझं ताट वाढलं जायचं. मला जागचं हलावंसुद्धा लागायचं नाही.

आणि नुसतं माझंच नाही. जो खातो त्याला तहान लागते, आणि तहान लागली की त्याला पायरीवर यावंच लागतं. त्यामुळं अख्ख्या शिवारात कोण काय खातंय हे मला बसल्या जागी कळायचं. दुपारच्या उन्हात तितर यायचे, चोचीला दाण्याचा कोंडा लागलेला. संध्याकाळच्या आधी ससा यायचा, त्याच्या ओठाला हरभऱ्याची आंब. धामण यायची, पोटात उंदीर असला की पायरीवर लांबलचक पडून राहायची आणि बायका वरच्या वर परत जायच्या. उंदीर शाळू खायचे, धामण उंदीर खायची. कोल्हा तेवढा सगळं खायचा, बोरंसुद्धा. सुगी आली की भरमू विहिरीकडच्या बाजूला शाळूचं एक तास, म्हणजे एक अख्खी ओळ, उभंच ठेवायचा. ते पाखरांचं. कुणी कापायचं नाही.

दर उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायचे. तेव्हा मला बाहेर घ्यावं लागे. ते काम गुणाबाईचं. ती मला दोन्ही हातांनी उचलून ओल्या पोत्याखाली पाटीत ठेवायची आणि दर साली एकच वाक्य बोलायची, "औंदा जड झालं बघा." तिला त्याचं कौतुक. मला लाज वाटायची, पण बरंही वाटायचं.

मग तंबाखू आला.

आधी तो कडेकडेनं आला. पलीकडच्या मळ्यात आला, मग बांधाला लागला. निपाणीच्या पेठेत त्याला मोठी मागणी, असं मोट हाकणारा यल्लाप्पा सांगायचा. भरमू तेव्हा थकला होता. त्याचा मुलगा बसवंत कर्ता झाला होता. बसवंत वाईट नव्हता. कामाला वाघ, आईला मान देणारा. पण ज्याच्या शेजारी चुनेगच्ची घर उठतं त्याला आपल्या घराचं छप्पर नको वाटू लागतं, तसं त्याचं झालं. एका साली त्यानं शाळू अर्ध्यावर आणला, दुसऱ्या साली सगळा मळा तंबाखूचा केला.

आणि आता यांची गंमत ऐका. सुगीला बसवंतनं बापाची रीत पाळली. विहिरीकडचं एक तास पाखरांसाठी उभं ठेवलं. तंबाखूचं.

पाखरं आली, बसली, एकमेकांकडं बघितलं आणि उडाली. यल्लाप्पा म्हणाला, "अण्णा, पाखरं खाईनात की."

बसवंत म्हणाला, "त्येंची मर्जी. आपन ठेवायचं काम केलंय. उद्या कुनी म्हनाय नको, भरम्याच्या पोरानं रीत मोडली."

मी पाण्यात डोकं आत घेतलं. दुसरं काय करणार.

सुगरणी पुढच्या साली आल्या नाहीत. जुनी घरटी वाऱ्यानं झिजत झिजत एकेक खाली पडली. मी एक चावून बघितलं. नुसतं गवत. तितर गेले. उंदीर गेले म्हणून धामण गेली. तंबाखूच्या रानात तण म्हणून ठेवत नाहीत, कोळपून कोळपून जमीन तळहातासारखी करतात, मग सशानं काय खावं? टिटव्या तेवढ्या राहिल्या, नुसत्या ओरडायला. कोल्हा शेवटचा आला तेव्हा त्याच्या तोंडाला गावच्या उकिरड्याचा वास होता. पाणी पिऊन तो माझ्याकडं जरा वेळ बघत बसला, माझं काय होणार याचा अंदाज घेतल्यासारखा. मग गेला.

जर्मनाशी दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हा यल्लाप्पा एकदा गाडी घेऊन बेळगावला जाऊन आला. मोट सोडून बैलांना पाणी दाखवता दाखवता सांगत होता, "खडेबाजारात कावळं भज्याच्या कढईम्होरं बसत्यात, अण्णा. शाळू टाकला तर ढुंकून बघत न्हाईत. आनी कॅम्पात गोऱ्या सोल्जराच्या हातातलं मटन घारीनं वरच्या वर नेलं. त्यो टोपी घिऊन मागं पळतोय, आनी घार झाडावर बसून जेवतीया."

बसवंत हसला. "शिकल्या की रं घारी."

त्याला हसू आलं, मला काळजी वाटली. ज्याला पंख आहेत तो खाणं शोधत खडेबाजारला जाईल. ज्याला पाय आहेत तो उकिरड्याला जाईल. विहिरीतल्यानं कुठं जायचं?

अजून उंबर होता, एवढा धीर होता. पण तंबाखू वाळवायचं खळं बसवंतनं विहिरीला लागूनच केलं, पाणी जवळ म्हणून. उंबराची फळं वाळत्या पानावर पडू लागली, पान डागाळू लागलं. उंबर देवाचा, तोडायचा नाही हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं उंबर तोडला नाही. विहिरीकडच्या सगळ्या फांद्या तेवढ्या साळल्या आणि उरलेल्या बुंध्याला हळदकुंकू वाहिलं. झाड देवाचं ते देवाकडं राहिलं, माझं जेवण गेलं.

मग खळ्यावर वाळलेली झाडं काठ्यांनी बडवायची. त्यांची बारीक पूड उडायची आणि पाण्यावर साय धरावी तशी बसायची. गोगलगाई आधी मेल्या. कडेच्या दगडाला चिकटून असायच्या, त्या सुटून तळाला गेल्या. मग मासळी उलटी होऊन वर आली. बेडूक शहाणे, ते आधीच गेले होते. खुडणीला आलेल्या बायका चिकानं काळे झालेले हात पायरीवर मातीनं घासायच्या आणि ते पाणी परत विहिरीत. त्यातली शालूबाई म्हणून एक होती, फार दयाळू. तंबाखूच्या पानावरच्या अळ्या वेचून ठेचून टाकायच्या असतात. ही पदरात बांधून आणायची आणि मला घालायची.

"खा बाबा," म्हणायची, "तुझं बी प्वाट हाय."

पोट होतं हे खरं. भुकेनं मी खाल्ल्या. तंबाखूवर पोसलेली अळी म्हणजे काय असते ते मी सांगत नाही. दिवसभर विहीर माझ्याभोवती फिरत होती. आधीच गोल, त्यात फिरती.

आता नीट ऐका, कारण माझ्या साऱ्या कुरकुरीचं मूळ इथं आहे.

खाली खायला काही उरलं नाही. पाणी तोंडात कडू लागायचं, डोळ्यांना झोंबायचं. म्हणून मी सारखा वर येऊ लागलो. पूर्वी सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, एवढंच यायचो. आता बघावं तेव्हा मान वर. कधी पायरीवर चढून तोंड वासून बसायचो, की कुणीतरी काहीतरी खाण्यासारखं टाकेल.

आणि माणसं काय म्हणाली? माणसं म्हणाली, "कासव उदंड दिसाय लागलंय. पानी लई गोड झालंय."

हात जोडले. नारळ फोडला. चुरमुरे टाकले, गुलाल टाकला, फुलं टाकली. शेजारपाजारच्या मळ्यांतल्या बायका सणासुदीला मुद्दाम आमच्या विहिरीचं पाणी न्यायला येऊ लागल्या. बसवंतची मान ताठ झाली. एखादीनं घोट घेऊन तोंड वाकडं केलं की दुसरी म्हणायची, "कडवट लागतंय तर लागू दे, कासव दिसतंय न्हवं?"

बैलांनी मात्र पाणी प्यायचं सोडलं. यल्लाप्पा त्यांना दगडी डोणीशी न्यायचा आणि ते तोंड फिरवून उभे राहायचे. मग त्याची नजर पलीकडच्या ओढ्याकडं जायची.

"अण्णा, बैल तोंड लावीनात. मी वड्यावर नेऊन आनतो."

"माजलेत," बसवंत म्हणाला. "एवढं कासव चारदा वर येतंय, आनी बैलाला काय कळतंय?"

बसवंतची बायको मालुबाई. तिला त्या साली दिवस गेले होते. याआधी एकदा तिचं पोट पडलेलं होतं, ते मला तिच्या आणि गुणाबाईच्या बोलण्यातून कळलं होतं. ती रोज सकाळी घागर आपटायची, मी लगेच वर यायचो, कारण मी वरच असायचो. ती हसायची, तिथल्या तिथं ओंजळभर पाणी प्यायची आणि पायरीवर बसून ओकायची. घरी म्हणायची, पोटुशी बाई, ओकणारच. अंग थरथरायचं, छातीत धडधडायचं. मग कुणी सांगितलं, कासवाचं पाणी जास्त पी. ती जास्त प्यायली.

मी काय करू? वर आलो नाही तर गुदमरतो. वर आलो तर ती पिते. मी तळाला जाऊन चिखलात तोंड खुपसून बसायचा प्रयत्न केला. जेवढा दम निघेल तेवढा काढला. पण दम सुटला की वर यावंच लागे, आणि ती तिथंच बसलेली असे. "आलं गं बाई," म्हणायची. एवढी वाट बघून दिसलं म्हणून आणखी एक ओंजळ.

शेवटी ठरवलं, विहीर सोडायची. मी नसलो तर त्यांच्याच रीतीप्रमाणे घागर बुडणार नाही.

माझ्यासारख्यानं पायऱ्या चढणं काय असतं ते चढणाऱ्यानंच सांगावं. पुढचे दोन पाय वरच्या पायरीला लावायचे, मागचे झटकायचे, आणि पाठीवर पडलो तर आभाळ बघत राहायचं. पहाटे निघालो ते ऊन तापल्यावर काठावर आलो. पुढं तंबाखू. दोन्हीकडं झाडं आणि मधे सारवल्यासारखी जमीन. एक किडा नाही, एक गवताची काडी नाही. मी आमच्या जातीला शोभेल अशा वेगानं निघालो. बांध दिसू लागला होता.

"अण्णा," यल्लाप्पाचा आवाज आला, "कासव वाट चुकलंय."

मी वाट चुकलो नव्हतो. आयुष्यात पहिल्यांदा मला वाट ठाऊक होती. पण त्यानं मला उचललं, खांद्यावर घेतलं आणि विहिरीत सोडलं. बायकांनी ओवाळलं. चुरमुरे पडले.

थोड्या दिवसांनी परत निघालो. या वेळी बसवंतलाच सापडलो. त्यानं मला घरात नेलं, आईच्या मांडीवर ठेवलं. गुणाबाई आता म्हातारी झाली होती, ओसरीला बसून असायची.

"आई, कुकू लाव ह्येला. परत भाईर आलतं. दर्शन द्याया येतंय."

गुणाबाईनं मला दोन्ही हातांनी उचललं. तसंच धरून ठेवलं. कुंकू लावेना.

"काय झालं?" बसवंतनं विचारलं.

"हे हलकं लागतंय रं."

"म्हातारं झालं."

"म्हातारं व्हऊन हलकी मी झालीया. कासव असं हलकं हुईत न्हाय." तिनं मला उलटं केलं, पोटाकडची कातडी बोटानं ओढून बघितली. "भुक्यालंय हे. दर्शन कसलं देतंय? खायाला मागतंय."

"आत्ती, मी रोज चुरमुरं घालत्ये की," मालुबाई दारातून म्हणाली. तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा होता.

"चुरमुऱ्यावर जगाया त्यो काय जत्रंला आलाय?"

गुणाबाईनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग परत तिच्याकडं. मग म्हणाली, "बसवंता, तुझं खळं हिरीजवळनं हलीव. आनी तवर सगळ्यांनी वड्याचं पानी प्यायचं."

बसवंत हसला, पण गोड नाही. "आई, गावात आपल्या हिरीचं नाव झालंय. त्यात आपनच वड्याचं पानी आनायचं? लोक काय म्हनतील? आनी आप्पांनीच सांगितलंय न्हवं, कासव दिसतंय तवर पानी गोड."

"आप्पांनी सांगितलं तवा शाळू हुता."

"शाळूचा आनी पान्याचा काय संबंध?"

तिला ते सांगता आलं नाही. मला सांगता आलं असतं, पण मी उलटा होतो. मला सरळ केलं, कुंकू लावलं आणि परत विहिरीत टाकलं.

मी तळाशी बसलो. परत चढायची ताकद पायात नव्हती. हेच आपलं घर आणि हेच आपलं खाणं, असं मी मनाशी म्हणालो. सकाळी घागर वाजेल, आपण वर जाऊ, ती पिईल.

पण उजाडायच्या आधीच आली ती गुणाबाई. एका हातानं भिंत धरत, एकेक पायरी बसत, उठत, बसत. ती उतरताना मी बघत होतो आणि मला वाटलं, हिला आता कळत असेल पायरी म्हणजे काय. तिनं पाण्यात हात घातला. भाकरी नव्हती, नुसता हात. मी त्या हाताशी गेलो.

तिनं मला पाटीत घातलं, वर माठाची भाजी पसरली आणि निघाली. बांधाला तिला यल्लाप्पा भेटला.

"कुटं निघालीस, म्हातारे?"

"जयाबाईला भाजी द्याया."

"पाटी हलतीया तुझी."

"माजं हातच हलत्यात. जा तू कामाला."

जयाबाई म्हणजे ओढ्याच्या वरच्या अंगाची विधवा बाई. तिचं रान लहान, उतरणीचं. तंबाखू तिथं धरत नव्हता म्हणून तिनं शाळूच ठेवला होता. तिच्या रानाखाली ओढ्याला एक डोह आहे, वर करंजाची सावली. गुणाबाई काठावर टेकली. तिला दम लागला होता, मलाही. मग तिनं मला पाण्याकडं तोंड करून ठेवलं.

"तुला मीच आनलंतं," ती म्हणाली. "इचारून आनलं न्हवतं. जा आता."

मला निरोपाचं बोलता येत नाही. मी पाण्यात शिरलो. पहिल्याच दगडाखाली गोगलगाय होती.

त्या दिवशी मळ्यात काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. मालुबाईनं घागर आपटली. कासव दिसलं नाही. परत आपटली. शालूबाई आली, तिनं आपटली. दुपारपर्यंत साऱ्या बायका रिकाम्या घागरी घेऊन पायऱ्यांवर बसल्या होत्या. बसवंतनं गळ टाकून बघितला, यल्लाप्पाला बुडी मारायला लावली. यल्लाप्पा वर आला तो डोळे चोळत आणि थुंकत.

"कासव न्हाय," म्हणाला. "आनी अण्णा, खाली पानी न्हवं, तंबाकूचा काडा हाय. डोळं जळाय लागलं माजं."

एवढे दिवस बैल तोंड फिरवत होते, सून ओकत होती, घोट घेणाऱ्याचं तोंड वाकडं होत होतं. ते कुणाला पटलं नाही. कासव दिसलं नाही म्हटल्यावर मात्र घरातली एकही घागर त्या पाण्यात बुडाली नाही. बसवंतचीसुद्धा हिंमत झाली नाही. माणसाचं असंच आहे. मी चिडतो, पण या वेळी त्यांच्या रीतीनंच काम केलं, म्हणून फार बोलत नाही.

पाण्याला दुसरीकडं जायचं म्हणजे ओढ्यावर. ओढ्यावर घागर बुडेल एवढं पाणी एकाच ठिकाणी. तिसऱ्या प्रहरी मालुबाई जयाबाईच्या डोहावर आली. सवयीनं घागर दगडावर आपटली.

आणि मी, मूर्ख म्हातारा, सवयीनं वर आलो.

ती माझ्याकडं बघत राहिली. माझ्या पाठीच्या खाचांत कालचं कुंकू अजून अडकलेलं होतं. मला वाटलं, संपलं. आता ही हाक मारणार, यल्लाप्पा धावत येणार, खांद्यावर घेणार, ओवाळणार, चुरमुरे टाकणार.

मागून शालूबाईनं विचारलं, "काय गं, काय बघाय लागलीस?"

मालुबाईनं पदर तोंडावर धरला. "काय न्हाय. दगूड हाय."

मग तिनं वाकून ओंजळभर पाणी हातात घेतलं आणि माझ्या पाठीवरून सोडलं. बोटानं खाचा चोळल्या. कुंकू धुऊन गेलं. घागर भरली, डोक्यावर घेतली आणि गेली. त्या दिवशी ती ओकली नाही. नंतरही नाही.

बसवंतनं खळं उचलून मळ्याच्या पलीकडच्या टोकाला नेलं. कासव रुसलं म्हणून नेलं, असं तो अजून सांगतो. सांगू दे. मालुबाईला मुलगी झाली. विहिरीत नवं कासव आणून सोडायचं त्याच्या मनात होतं. गुणाबाईनं त्याला बजावलं, "आधी त्येच्या जेवनाचं बघ, मग त्येला बोलीव." त्यानं विहिरीकडच्या बाजूला शाळूची चार तासं पेरली. उंबराला विहिरीकडून नवे धुमारे फुटू दिले. सुगरणी अजून आलेल्या नाहीत. येतील की नाही, मला माहीत नाही. एकदा घर मोडलं की पाखरू लगेच विश्वास ठेवत नाही. विहीर अजून कासवावाचून रिकामी आहे. बैल मात्र डोणीला तोंड लावू लागलेत म्हणे.

यंदा श्रावणात गावात झेंडा लागला. यल्लाप्पा ओढ्यावर बैल धुताना म्हणाला, आता आपलं राज्य आलं. बरं झालं. आपलं म्हणजे कुणाकुणाचं, एवढं जरा नीट ठरवा, असं मला म्हणायचं होतं. तितराचं धरलंय का त्यात? पण त्याच्या आनंदात मी कशाला माती घालू.

मी आता म्हातारा आहे. डोहात पोट भरतं. जयाबाईचा शाळू आहे तोवर करंजावर पाखरं आहेत, पाखरं आहेत तोवर खाली मासळी आहे, आणि दगडाखाली माझ्या गोगलगाई आहेत. जयाबाईच्या मागं हे रान कुणाचं होईल आणि तो काय पेरेल, याचा विचार करत मी कधी कधी तळाशी बसतो.

तुम्हाला एवढंच सांगणं. एखादं जनावर सारखं तुमच्या दारी दिसू लागलं, कोल्हा गावात आला, माकड छपरावर आलं, मी पायरीवर आलो, तर हात जोडू नका आणि दगडही उचलू नका. याच्या रानात काय पेरलंय ते आधी बघून या.

मालुबाई अजून येते. विहिरीचं पाणी आता नितळ झालंय, तरी प्यायचं पाणी ती इथूनच नेते. पोरगी काखेत असते. गुणाबाईसुद्धा एखाद्या दिवशी काठी टेकत येते आणि पाय पाण्यात सोडून बसते.

आता हे बोलता बोलताच घागर वाजली. टण्.

मला ऐकू आलंय. पण मी इतक्यात वर जाणार नाही. दगडाखाली एक चांगली मोठी गोगलगाय सापडली आहे, आणि ती सावकाश खायची असते.

परत वाजली. टण्.

"दिसंना की, आत्ती," मालुबाईचा आवाज येतोय.

"भर तू घागर," म्हातारी म्हणतेय. "जेवत असंल."

आणि मला घागर बुडाल्याचा आवाज येतो.